पुढच्या चौकापर्यंत

आमच्या दादांची क्लॅरिनेट आयुष्यात एकदाच परक्या माणसांसमोर चिरकली, आणि माझ्या धाकट्या भावानं नेमकं तेच अल्बमवर घालून जगाला ऐकवलं.

दादा म्हणजे माझे वडील, कडुबा मास्तर. लासूर स्टेशनला आमचा ब्रास बँड आहे. मिशांना कलप, खांद्यावर सोनेरी झुपके असलेला लाल कोट, आणि चालणं असं की वरात त्यांचीच निघाली आहे. लग्नात नवरदेवापेक्षा दादांचेच फोटो जास्त निघतात असं आई म्हणते, आणि ते काही खोटं नाही. मी सरिता. वाळूजला एका कारखान्यात तयार माल तपासते. ओरखडा दिसला की तो नग लाल पेटीत टाकायचा, एवढंच माझं काम. ही सवय घरीही सुटत नाही, म्हणून माझं फारसं कुणाशी पटत नाही.

दादांच्या बँडात एक रीत आहे. वरातीत ज्याचं वाद्य चिरकेल त्यानं ते तिथंच तोंडातून काढायचं, काखेत धरायचं आणि पुढच्या चौकापर्यंत मुकाट चालायचं. शिव्या नाहीत, दंड नाही. चौक आला की दादा त्याच्याकडं बघून मान हलवतात आणि तो परत वाजवायला लागतो. बघणाऱ्यांना वाटतं, दमला असेल बिचारा. पण बँडवाल्यांना सगळं कळतं. आमचे ट्रम्पेटवाले बन्सीकाका म्हणतात, त्यापेक्षा कानफटात परवडली. अभय, म्हणजे माझा भाऊ, शाळेत असताना एकदा असा चालला होता. डोळे भरलेले, पण खाली मान घालून पुरता चालला.

पुढं अभयनं क्लॅरिनेट सोडून सॅक्सोफोन धरला, पुण्याला गेला आणि जॅझ वाजवणाऱ्यांत मिसळला. त्याच्या ग्रुपात पियानोला विश्वजित, बासला मनस्विनी आणि ड्रमला चिन्मय. सुट्टीला आला की दादांच्या फोनवर नवनवे जॅझचे अल्बम भरून जायचा. सुरुवातीला दादा म्हणाले, ह्यांची वरात कधी पोचायची नाही. मग हळूहळू त्यांना चटक लागली. काम नसलं की बाजेवर डोळे मिटून ऐकत पडायचे. प्रत्येक अल्बमला पहिला प्रश्न एकच, वाजवतंय कोण? पियानोवर कोण, बासवर कोण, सगळी नावं अभयला फोनवरून सांगावी लागत. नावं कळल्याशिवाय दादा पुढं ऐकत नसत.

एकदा मी त्यांना विचारलं, हे लोक मधेच भलतीकडं जातात ते चालतं का? तेव्हा ते म्हणाले, "वाकडं जाणं येगळं अन् चुकणं येगळं. ही माणसं ठरवून वाकडी जात्यात." त्यांना त्या न पाहिलेल्या माणसांचा फार आदर होता. म्हणूनच अभयनं आपल्या अल्बममध्ये एक तुकडा वाजवायला बोलावलं तेव्हा दादा हरखून गेले. साऱ्या लासूरला सांगून झालं.

ते दुष्काळाचं सलग दुसरं वर्ष होतं. गावाकडची लग्नं घरातल्या घरात उरकत होती, बँडाला कुणी विचारत नव्हतं. आमच्या गल्लीत टँकर आला की भांडणं, आणि शहराकडं बघावं तर बायपासला नवे टॉवर उभे राहत होते, त्यांच्या पाट्यांवर चोवीस तास पाण्याची हमी. त्या वर्षी आमच्याकडं एक रिवाजच पडला होता. कुणाच्या घरी गेलं तर पाणी मागायचं नाही. त्यांनी आपणहून दिलं तर घ्यायचं, तेही अर्धा पेला. दादांना हा रिवाज नवा नव्हता. त्यांच्या लहानपणी आपल्या माणसांना परक्या दारात पाणी मागायची सोयच नव्हती. कुणी वरून ओंजळीत ओतलं तर प्यायचं. बाबासाहेबांमुळं ते गेलं होतं. दुष्काळानं ते मागच्या दारानं घरात आणलं.

स्टुडिओत काय झालं ते मला फार नंतर कळलं. मे महिन्यात एसटीनं पुणे गाठेपर्यंत दादांची बाटली रिकामी झाली होती. क्लॅरिनेटच्या तोंडाला वेताची पातळ पत्ती असते. वाजवण्याआधी ती भिजवावी लागते, त्यासाठी दादा कायम एक वाटी जवळ ठेवतात. तिथं दारावरच सूचना होती, आत पाणी न्यायचं नाही. बाहेर पाण्याचं पिंप होतं, पण कुणी घ्या म्हणालं नाही, आणि दादांनी मागितलं नाही. जिभेनं पत्ती ओली करावी तर तोंडालाच कोरड पडलेली. काचेपलीकडं चार शिकलेली माणसं बघत होती. दादा वरच्या सुरांत चढत गेले, सूर धरला, आणि ऐन ठिकाणी क्लॅरिनेट चिरकली.

त्यांनी बँडाच्या रीतीप्रमाणं ती तिथल्या तिथं काखेत धरली आणि गप्प उभे राहिले. काचेमागून टाळ्या आल्या. सूर फाटला आणि मागोमाग शांतता, सगळ्यांना ते अफाट वाटलं. दादा म्हणाले, परत घेऊ. अभय म्हणाला, बघू नंतर. ती वेळ काही आली नाही. पोरगा आपला आहे, तेवढं काढून टाकील, असं धरून दादा परत आले.

थंडीत अल्बम आला. नाव होतं 'टँकरची वाट'. दादांनी गल्ली गोळा केली, आईनं शेव-चिवडा केला, बँडाचा भोंगा अंगणात लावला. मी कव्हरवरची वाजवणाऱ्यांची नावं मोठ्यानं वाचली. क्लॅरिनेट, कडुबा मास्तर, असं आलं तेव्हा दादांनी मिशीवरून हात फिरवला. खाली मजकूर होता की कडुबा मास्तरांच्या फाटलेल्या सुरात होरपळलेल्या भूमीचा आक्रोश ऐकू येतो. तो मजकूर मला नीट कळला नाही. मग तो तुकडा लागला, आणि भोंग्यातून ते चिरकणं साऱ्या गल्लीवर पसरलं.

शेजारपाजारच्यांना काही वाटलं नाही, ते चिवडा खात राहिले. बन्सीकाकांनी मात्र मान खाली घातली. बँडातल्या एकाही माणसानं दादांकडं बघितलं नाही. मला तेव्हा जी लाज वाटली ती अजून अंगावर येते. दादा उठले, खुंटीवरची क्लॅरिनेट काढली, काखेत धरली आणि परत येऊन बसले.

त्यानंतर त्यांनी ती तोंडाला लावली नाही. एप्रिलात बाबासाहेबांची सव्वाशेवी जयंती होती. दुष्काळ असूनही मिरवणूक कधी नव्हे एवढी मोठी निघाली. दादा लाल कोट घालून सगळ्यांच्या पुढं चालले, क्लॅरिनेट काखेत. एक चौक गेला, दुसरा गेला. बन्सीकाका वाजवता वाजवता त्यांच्याकडं बघायचे. पण मास्तरसाठी मान हलवणार कोण? आई त्या दिवशी जेवली नाही.

त्याच आठवड्यात मी त्यांना गाठून विचारलं, आणि मग पाण्याचं सगळं बाहेर आलं. मी चिडले. आपल्या पोराच्या ठिकाणी गेला होतात, पाणी कामून नाय मागितलं, असं मी म्हणाले.  दादा म्हणाले, "तोंडातून निघालं नाय, बाई. आभ्याला सांगू नको. त्याला लाज वाटंल."

म्हणजे लाजसुद्धा त्यांनी एकट्यानंच वाहायची ठरवली होती.

मे महिन्यात अभयचा फोन आला. शहरात बायपासला नवी टाऊनशिप झाली होती, तिच्या क्लबहाऊसमध्ये पुढच्या रविवारी संध्याकाळी त्यांचा कार्यक्रम होता आणि दादांनी वाजवावं अशी सगळ्यांची इच्छा होती. दादा नाहीच म्हणणार याची मला खात्री होती. ते म्हणाले, तीच माणसं असतील का? अभय म्हणाला, तीच. दादा म्हणाले, येतो. फोन आला त्याच दिवशी अंगणात मला क्लॅरिनेटचा आवाज आला. तोच तुकडा, तोच वरचा सूर, पुन्हा पुन्हा. ज्यांच्यासमोर बिघडलं त्यांच्यासमोरच नीट करून दाखवायचं, एवढंच त्यांच्या डोक्यात होतं.

क्लबहाऊसबाहेर हिरवंगार लॉन होतं. आईनं ते बघितलं आणि तोंडाला पदर लावला. दादांनी सांगू नको म्हटलं होतं, ते मोडायचं मी ठरवून आले होते. स्टेजमागच्या खोलीत अभयला बाजूला घेतलं आणि सांगून टाकलं.

तो खुर्चीवर बसला. "अक्का, मला वाटलं होतं ते दुःख आहे," तो म्हणाला.

"दुःख नव्हतं," मी म्हणाले. "पत्ती कोरडी होती."

मग तो जे बोलला त्यासाठी मी त्याला अजून माफ केलेलं नाही. म्हणाला, लोक आज तेच ऐकायला आलेत. तेवढ्यात चिन्मयनं हाक मारली आणि तो निघाला. जाताना त्याचे कान लाल झालेले मला दिसले.

मी तिथल्या मुलाकडून पाणी मागून घेतलं. ठणकावून मागितलं. भरलेला पेला स्टेजवर दादांच्या स्टुलावर नेऊन ठेवला. दादांनी माझ्याकडं बघितलं, मग सगळ्यांसमोर सावकाश पत्ती काढली, पाण्यात बुडवली आणि थांबले. समोरच्या रांगेत कुणीतरी हसलं. दादांना घाई नव्हती.

तुकडा सुरू झाला. बास, मग पियानो, मग दादा. ते वर चढत गेले तशी मी आईचा हात धरला. ती जागा आली. सूर लागला, सरळ, भरलेला, जराही न हलता. माझ्या आयुष्यात मी इतका निर्दोष नग हातात धरलेला नाही.

पण लोक पुढं सरकून बसले होते ते दुसऱ्याच गोष्टीसाठी. ती आली नाही तसे ते एकमेकांकडं बघायला लागले. अल्बमवरच्या शांततेसाठी चिन्मयनं काठ्या वर धरल्या होत्या, त्या तशाच राहिल्या. सगळ्या हॉलला काहीतरी चुकल्यासारखं वाटलं. अभयला ते सोसलं नाही. त्यानं सॅक्सोफोन तोंडाला लावला आणि मुद्दाम चिरकवला, हुबेहूब दादांसारखा.

टाळ्यांचा कडकडाट झाला.

दादांनी मान वळवून त्याच्याकडं बघितलं. त्यात राग नव्हता. वरातीत मागच्या रांगेतल्या कुणाचं तरी चिरकलं की ते जसं बघतात, तसंच बघितलं. अभयचा चेहरा उतरला. त्यानं सॅक्सोफोन तोंडातून काढला, गळ्यातल्या पट्ट्यातून सोडवला आणि काखेत धरला. मग तसाच उभा राहिला, शाळेतल्यासारखा. विश्वजित त्याला खुणावत होता, मनस्विनी बघत होती. दादांनी त्याचाही भाग आपल्या अंगावर घेतला आणि तुकडा शेवटाला नेला.

लोक उभे राहिले. त्यांना वाटलं, हे बसवलेलंच होतं. एक गृहस्थ दादांजवळ येऊन प्रेमानं म्हणाले, "अल्बमवरचा तो सूर आज तुमच्याकडून आला नाही, पण मुलानं सांभाळून घेतलं." दादांनी हात जोडले. मला जमिनीत गडप व्हावंसं वाटलं. त्या माणसाची लाज वाटली, अभयची वाटली, आणि मधे उभं राहून एक शब्द न बोलणाऱ्या माझीही वाटली.

चिन्मय सोडायला गाडी काढत होता. दादांनी आपली क्लॅरिनेट परत काखेत धरली आणि म्हणाले, चालू थोडं, पुढं रिक्षा मिळंल. अभय त्यांच्या मागं निघाला. सॅक्सोफोन पेटीत ठेवला नाही, काखेतच होता. रिकामी पेटी मी उचलली. अजून उजेड होता. बायपासला ट्रक आणि टँकर धूळ उडवत जात होते. 

चौक आला तसे दादा थांबले. मला वाटलं, आता ते मान हलवतील आणि पोराला मोकळं करतील. पण त्यांनी स्वतःच्या काखेतली क्लॅरिनेट हातात घेतली आणि अभयसमोर उभे राहिले, वाट बघत.

"आज नीट झालं का, मास्तर?" त्यांनी विचारलं.

अभयला कळायला वेळ लागला. कळलं तेव्हा त्याचा चेहरा पाहवेना. त्यानं मान हलवली. दादांनी खिशातून पेल्यात भिजलेली पत्ती काढून बसवली.

"माझा चौक आला," ते म्हणाले. "तुझा पुढं हाय."

दादा वाजवत निघाले. आई त्यांच्या जोडीनं, मग मी पेटी घेऊन, आणि सगळ्यांत मागं सॅक्सोफोन काखेत धरून अभय. पुढचा चौक बराच लांब होता.