केसेबोमच्या हाताकडे बघू नका

आमच्या वाल्डनरोडे शहराच्या ऑर्केस्ट्रात मी व्हायोला वाजवते. माझी खुर्ची संचालकाच्या इतकी पुढ्यात आहे की ओर्टविन केसेबोम यांच्या नाकपुड्या मी बावीस वर्षं पाहिल्या. रागावले की त्या आधी फुलत, बोलणं मागून येई.

मूळचे बेकरीवाल्याचे पोरगे. कुठल्याशा नाट्यगृहात गायकांच्या तालमीला पियानो बडवता बडवता वर चढले, चार लहान शहरांतून फिरले आणि आमच्याकडे मुख्य संचालक होऊन आले. ऐन उमेदीत बर्लिनचं बोलावणं येता येता राहिलं, त्याचा राग आयुष्यभर आमच्यावर निघाला. समोर नोटेशन ठेवणं त्यांना कमीपणाचं वाटे, सगळं तोंडपाठ. कुणी चुकलं की तेवढा तुकडा त्याला एकट्याला वाजवायला लावत, सगळ्यांदेखत. आमच्या ओबोवाल्या डीटमारला एकदा इतक्या वेळा वाजवायला लावलं की बिचाऱ्याचे ओठ थरथरायला लागले. मी मनात शिव्यांची लाखोली वाहिली. पण संध्याकाळी डीटमारने तोच तुकडा असा वाजवला की अंगावर काटा आला. माणूस खडूस होता, पण त्याला ऐकू येत होतं.

मग सत्तरीच्या जवळ आल्यावर स्मरणशक्ती दगा द्यायला लागली. हॉर्नवाल्यांना इशारा द्यायचा तिथे ते बासरीकडे बघत. एकदा तर शेवट यायच्या आधीच त्यांचा हात खाली आला. त्यानंतर कँटीनमध्ये बटाट्याचं सॅलड चिवडत हेडा फोलराटने, म्हणजे आमच्या पहिल्या व्हायोलिनवालीने, निर्णय देऊन टाकला, "यापुढे केसेबोमच्या हाताकडे बघू नका. माझ्या गजाकडे बघा."

मी म्हटलं, त्यापेक्षा त्यांना सरळ सांगू या. तर डीटमारच म्हणाला, "सांगून काय मिळवशील, गेझिने? हे काम सोडलं तर त्या माणसाकडे दुसरं आहे काय?" ज्याला सगळ्यात जास्त छळलं त्यालाच पाझर फुटलेला. मग माझंही तोंड बंद झालं.

पुढे आम्ही हेडाच्या गजावर वाजवत राहिलो. पेपरवाल्यांनी लिहिलं की केसेबोम वयाबरोबर अधिकच खुलत चाललेत. नगरपालिकेने तर त्यांचा करार वाढवायचं ठरवलं. सत्तराव्या वाढदिवसाच्या मैफलीनंतर महापौर रंगमंचावरूनच ते जाहीर करणार होते.

त्या दिवशी सकाळच्या तालमीत घोटाळा झाला. संथ भाग चालू होता, चार मात्रांचा. त्यांचा हात तीन मात्रांत फिरायला लागला. मागच्या महिन्यात वाजवलेली भलतीच सिंफनी त्यांच्या डोक्यात चालू होती. आम्ही सवयीने हेडाकडे बघून वाजवत राहिलो, एकही स्वर न हलू देता. तिथेच आम्ही फसलो. थोडं तरी अडखळायला हवं होतं. चुकीच्या हातावर इतकं बिनचूक कुठलाच ऑर्केस्ट्रा वाजवत नाही.

त्यांनी हात थांबवला. सिंफनी आपली चाललेलीच. मग आमच्या लक्षात आलं आणि एकेक वाद्य गप्प झालं.

"कुणाबरोबर वाजवताय?" त्यांनी विचारलं. आवाज चढलेला नव्हता. चढला असता तर बरं झालं असतं.

हेडा खाली बघत म्हणाली, "माझ्याबरोबर."

"कधीपासून?"

"दोन हिवाळे झाले, साहेब."

ते कानापर्यंत लाल झाले. एवढ्या वयाच्या माणसाला लाजेने असं लाल झालेलं मी कधी पाहिलं नव्हतं, आणि मला ते बघवेना.

"आणि तुम्ही मला वाकू दिलंत," ते म्हणाले. "दर मैफलीला मी इथे वाकून टाळ्या घेत होतो, आणि तुम्हा सगळ्यांना ठाऊक होतं." मग ते डीटमारकडे वळले. "मी निदान तुमच्या तोंडावर तरी सांगायचो."

इतके दिवस जिला आम्ही माया समजत होतो ती त्या क्षणी पाठीमागे केलेली टवाळी वाटायला लागली. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

तालीम सोडून ते कचेरीत गेले. थोड्या वेळाने व्यवस्थापक सांगत आले की महापौरांना फोन झालाय, केसेबोमच करार नको म्हणतात, आजची मैफल शेवटची. लोकांना उद्या कळेल.

संध्याकाळी ते आले तेव्हा त्यांच्यापुढे नोटेशनचा स्टँड होता. पहिल्या रांगेतल्या बायकांत कुजबुज झाली. चष्मा लावून, शाळकरी पोरासारखं बोटाने पान शोधत त्यांनी सिंफनी पार पाडली. हात जड होता, पण बरोबर होता. घोळ आमचाच झाला. अर्धे हेडाकडे बघत होते, अर्धे त्यांच्याकडे. खरं सांगायचं तर दोन वर्षांत इतकं वाईट आम्ही कधी वाजवलं नव्हतं.

श्रोत्यांना त्याचं काय! टाळ्यांचा कडकडाट झाला. संचालक अशा वेळी हात वर करतो आणि वादक उभे राहून टाळ्यांत वाटा घेतात. क्वचित कधी, एखाद्याला फार मोठा मान द्यायचा असला, तर वादक मुद्दाम बसून राहतात, की हे श्रेय तुमचं एकट्याचं. केसेबोमनी हात वर केला. हेडा उठली नाही, म्हणून आम्हीही उठलो नाही. पाय आपटले, गज स्टँडवर वाजवले. वाटलं, सकाळचं थोडंफार भरून निघेल. लोक तर खुर्च्यांवरून उठून टाळ्या पिटायला लागले.

केसेबोम पुन्हा तसेच लाल झाले. पुन्हा हात वर केला. आम्ही बसूनच. मग ते हेडाच्या खुर्चीवर वाकले. एवढ्या गजरातही मला ऐकू आलं.

"उभे राहा," ते म्हणाले. "आज तरी माझ्या हाताकडे बघा."

आम्ही उभे राहिलो. पण त्यांच्याकडे बघायची हिंमत कुणालाच झाली नाही.