नेरीची कुपी

नेरीच्या हाताला गुण होता, आणि असल्या गुणी हातांवर लोरेदानाचा काडीचा विश्वास नव्हता. इटलीत, पिसा शहरातल्या त्या प्रयोगशाळेत अर्धं आयुष्य घालवताना हातचलाखी करणारे तिने पुष्कळ पाहिले होते.

उंदराच्या हृदयाच्या पेशींवर अॅड्रिनलिन टाकलं की त्या जोरात धडधडू लागतात. थायरॉइडच्या संप्रेरकाचा एक धाकटा भाऊबंद आधी टाकला, तर अॅड्रिनलिनचा निरोप पेशीच्या दारातच अडतो आणि धडधड मंदावते, असं नेरीचं म्हणणं. त्याच्या हातून ती मंदावायची. लोरेदानाने तोच पदार्थ तेवढाच घातला, तर काही म्हणजे काही होत नसे.

"तुमच्या पेशी तुम्हाला घाबरत असतील, दोत्तोरेसा," नेरी म्हणाला; डॉक्टरबाईंना तिथे तसंच म्हणतात. "कापुचिनो पाजून बघा. पण सकाळीच हं, इटलीत जेवणानंतर कापुचिनो म्हणजे पाप, पेशी बाटतील!"

तिला हसू आलं नाही. धडधड कमी करायच्या गोळ्या तिच्या आईच्या उशाशीसुद्धा होत्या. नेरीने तसली चिमूटभर पूड आपल्या पदार्थाच्या कुपीत मिसळली की झालं. नेरीची नेमणूक उन्हाळ्यात संपत होती. ती वाढायची तर असलाच निकाल हवा होता.

ती नेमणुका ठरवणाऱ्या प्राध्यापक गालेओत्तींकडे गेली. "कुठंतरी पाणी मुरतंय. त्या पोराचा मला भरवसा वाटत नाही."

"नक्की?"

"नक्की."

मग नेरी जेवायला गेलेला पाहून तिने त्याच्या कुपीतले थेंब चोरले आणि खालच्या मजल्यावरच्या सिल्वानाकडे तपासायला दिले.

"शुद्ध आहे गं," सिल्वाना म्हणाली. "कुणावर उठली आहेस आता?"

पण संशयाचं भूत मानगुटीवरून उतरेना. दुसऱ्या दिवशी ती नेरीच्या पाठीशीच उभी राहिली. त्याने ताटलीतला द्रव ओतून दिला, पेशी खारट पाण्याने धुतल्या आणि मगच थेंब सोडला.

"हे काय? सिरम फेकलंस?" सिरम म्हणजे वासराच्या रक्तातला द्रव, पेशींचं रोजचं जेवण.

"फेकायलाच हवं. मी आलो तेव्हाच सांगितलं होतं तुम्हाला."

"उपाशी पेशी काहीही बरळतात. माझ्याकडे कुणी पेशी उपाशी ठेवत नाही."

"तासाभराचाच उपास, दोत्तोरेसा. सिरममध्ये एक एन्झाइम असतं, ते आपला पदार्थ खाऊन टाकतं. तुम्ही वाढता पेशींना आणि जेवून जातं तेच."

लोरेदानाने स्वतःची ताटली धुतली. थेंब सोडला, मग अॅड्रिनलिन. पडद्यावरची धडधड मंदच राहिली.

ती धावतच वर गेली. गालेओत्ती कोट चढवत होते.

"पोरगा खरा आहे. माझंच चुकलं," ती धापा टाकत म्हणाली.

"आता सांगतेस? त्याची जागा सकाळीच दुसरीला दिली मी. सही करून मोकळा झालो."

"मला एकदा विचारायचंत तरी!"

"तुला विचारलं होतं, लोरेदाना. तू नक्की म्हणालीस, म्हणून आणखी कुणाला विचारलं नाही."

ती खाली आली तेव्हा नेरी तिच्या ताटलीसमोर बसून आनंदाने पाय हलवत होता.

"प्राध्यापकांना सांगायला गेला होतात ना? मला ठाऊक होतं! तुमच्या हातून जमलं म्हटल्यावर आता माझी नेमणूक कोण अडवतो?"

लोरेदानाने दार लावून घेतलं आणि त्याच्यासमोर खुर्ची ओढली. "नेरी," ती म्हणाली, "मी अडवली."