गळका म्हणाल तर खबरदार!

मित्रांनो, मी एक जुना पंप आहे. सोळा लिटरचा, पाठीवर अडकवून औषध मारायचा. जुना आहे, पण गळका नाही! तो आळ माझ्यावर कसा आला, ते ऐका.

माझा जन्म कारखान्यात झाला, पण आयुष्य गेलं उंब्रजच्या अर्जुनाच्या पाठीवर. लोकांच्या रानात औषध मारणं हाच त्याचा धंदा. त्याच्या हाताला गुण आहे असं गाव म्हणायचं, आणि मीही फुशारून जायचो. दरवर्षी गावातले पंप दुरुस्त करणारे दस्तगीरभाई मला खोलून नवा वायसर बसवायचे.

गेल्या उन्हाळ्यात औषध मारता मारता अर्जुना वांग्याच्या सरीतच चक्कर येऊन पडला. हातांची थरथर काही थांबेना. मी खुंटीवरून ते बघायचो आणि चरफडायचो.

त्याच सुमारास सरकार त्यानं मारलेल्या औषधातला मुख्य घटक पुन्हा तपासत होतं. चालू ठेवायचा की बंदी घालायची, हे ठरायचं होतं. अर्जुनाच्या घरी चौकशीला शेतीखात्याच्या मॅडम आल्या, सोबत औषध बनवणाऱ्या कंपनीचा साहेब. त्यानं मला हात न लावताच सांगून टाकलं, की औषध सुरक्षित आहे, पंप गळका असणार आणि लेबलावर सांगितलेला पोशाख यानं घातला नसणार. घ्या, चोर सोडून संन्याशाला फाशी! दस्तगीरभाईंनी मला काठोकाठ पाणी भरून दांडा हापसला. एक थेंब गळला नाही.

राहिला पोशाख. अर्जुनाची बायको क्रांती आत गेली आणि घडी न मोडलेला पोशाख, हातमोजे, मुखपट्टी घेऊन आली.

“व्हय सायेब, न्हाई घातला त्यांनी,” ती म्हणाली. “आता तुमी घाला. नुसत्या पाण्याचा एक पंप मारा. मग म्हणा, चूक आमची हाय.”

मॅडम म्हणाल्या, घालाच. साहेबानं पोशाख चढवला आणि मला पाठीवर घेऊन रानात उतरला. दुपारचं ऊन मी म्हणत होतं. तिसऱ्या सरीला साहेबानं मुखपट्टी खाली ओढली, पाचव्या सरीला हातमोजे फेकले. माझी टाकी अजून अर्धी भरलेली होती. अर्जुना दिवसाला वीस टाक्या मारायचा!

मॅडमनी अहवालातली ‘वापरणाऱ्याची चूक’ ही ओळ खोडली. या उन्हात हा पोशाख अंगावर टिकत नाही, त्याच्या भरवशावर औषधाला सुरक्षित म्हणू नये, असं लिहून त्यांनी सही केली.

कागद दिल्लीला गेलाय. बंदी येईल का, मला ठाऊक नाही. पण मित्रांनो, अवजाराची निगा राखता तशी ते वाहणाऱ्या माणसाचीही राखा. आणि ते औषध घेऊन कुणी पुन्हा माझ्याकडे आलंच, तर सांगून ठेवतो: आधी तो पोशाख घालून अख्खा दिवस रानात काढा, मग माझ्या झाकणाला हात लावा.