सप्तर्षींची शेपटी

आमच्या शिवणकामाच्या दुकानावर ‘सप्तर्षी’ अशी पाटी लागली तेव्हा घरात माणसं सहाच होती. सातवा तारा हवा म्हणून मला करून आणली, असं मी नवऱ्याला म्हणते आणि तो नाही म्हणत नाही.

मामंजींनी, म्हणजे माझ्या सासऱ्यांनी, ते नाव नुसतं पाटीवर ठेवलं नाही. बसायच्या जागाही त्याच आकारात. कापायच्या टेबलाच्या चार कोपऱ्यांना ते, सासूबाई, मोठे दीर आणि जाऊबाई. ही पतंगाची चौकट. तिथून दारापर्यंत ओळीने तीन मशिनं, ही शेपटी: नणंद, नवरा आणि मी. दार धड लागत नाही, त्यामुळे सगळा वारा माझ्या मानेवर. पहिल्या हिवाळ्यात बोलून बघितलं, तर “शेपटी म्हटली की हलायचीच,” असं मामंजींचं उत्तर मिळालं. नंतर मूग गिळून गप्प बसले. यंदा मात्र मान पार आखडली आणि मी नवऱ्याला बजावलं, “थंडीच्या आत जागा बदलली नाही, तर समोरच्या गणवेशांच्या कारखान्यात कामाला लागेन. तिथे ऋषी नसतील, पण दारं लागतात.”

तो मामंजींसमोर तोंड उघडायला गेला आणि जांभई देऊन परत आला.

त्याच आठवड्यात कोटाचं अस्तर बदलायला कप्तान आले. सगळा जन्म बोटीवर गेलेला, बोलायला लागले की आवरत नाहीत. पाटीकडे बघून म्हणाले, “ह्यांना सगळीकडे ऋषी म्हणत नाहीत हं. कुठल्या बंदरात नांगर म्हणतात, बोटीचा नव्हे, शेतातला, कुठे गाडा, कुठे पळी.”

मी कात्री खाली ठेवली. “पळी? मग शेपटी म्हणजे दांडा झाला की! मामंजी, पळीचा दांडा कुणी दारात ठेवतं का?”

“आपण गाडा धरू,” मामंजी सुईत दोरा ओवत म्हणाले. “चार चाकं इथे, तीन घोडे पुढे. घोड्यांना वारा लागायचाच.”

“आणि नांगर धरला तर?” नवऱ्याने धीर करून विचारलं.

“तर तू बैल.”

जाऊबाई खो खो हसल्या. मला मात्र रडू आलं. राग आला की मला रडूच येतं, आणि त्याचा आणखी राग येतो.

कप्तानांना माझी दया आली असावी. “नाव काही का असेना,” ते म्हणाले, “हे एका जागी थोडेच बसतात? ध्रुवाभोवती फिरत असतात. कधी शेपटी खाली, कधी वर.”

मामंजींचा हात थांबला. नावाच्या बाबतीत माणूस फार काटेकोर. “म्हणजे इतकी वर्षं आपण चुकीचं बसलो?” त्यांचा चेहराच उतरला. मग त्यांनी हुकूम सोडला: सोमवारपासून आळीपाळीने जागा बदलायच्या, सुरुवात त्यांच्यापासून.

सोमवारी ते दाराशी बसले, मी त्यांच्या खुर्चीत. एक बाही होईतो त्यांनी मफलर मागवला. दुसऱ्या बाहीला कानटोपी. कॉलर लावायच्या आधी सुताराला बोलावणं गेलं, आणि जेवणाच्या सुट्टीआधी दार लागायला लागलं.

“इतका वारा येतो आणि मला कुणी सांगायचं नाही?” ते सगळ्यांवर ओरडले.

बाकीच्यांनी माना खाली घातल्या. माझी आखडलेली होती, म्हणून मी त्यांच्याकडे बघतच राहिले.