टिळ्याचा वाल

नवरात्रातली पाचवी माळ. संध्याकाळची आरती उरकून आशाबाई घटाला पाणी शिंपडायला वाकल्या, आणि तांब्या हातातच राहिला.

"सुचिता! अवं सुचिता, धावत ये! दिव्याची वात वर कर!"

सून पिठाच्या हातानं धावत आली. तिला वाटलं, अखंड दिवा विझला. पण दिवा आपला संथ तेवत होता. टोपलीतल्या काळ्या मातीत गव्हाचे पिवळे कोंब बोटबोटभर वर आले होते, आणि टाळकऱ्यांच्या मेळ्यात एखादा थोराड बुवा घुसावा तसा त्यांच्या मधोमध एक जाडजूड अंकुर मान वर काढून उभा होता. डोक्यावर बियाचं काळं टरफल अजून तसंच. त्या काळ्यावर एक पांढरीशुभ्र रेघ.

"वाल हाये हा," आशाबाईंचा आवाज चढला. "टिळ्याचा वाल! तुह्या मामंजीचा!"

आशाबाईंचे मालक पंजाबराव माघात वारले. तोवर परसातली भाजी म्हणजे त्यांचाच कारभार. पाऊस ओसरून दसरा जवळ आला की मेथी, पालक, मुळा टाकायचे आणि कुंपणाच्या कडेनं हा वाल. मागं कधीतरी हिवरा आश्रमाला कीर्तनाला गेले होते, तेव्हा पंगतीत शेजारी बसलेल्या एका माळकऱ्यानं त्यांच्या उपरण्याच्या टोकात चिमूटभर बी बांधून दिलं होतं. काळं बी, त्यावर पांढरा टिळा. "देवानं याले गंध लावूनच धाडलं," असं म्हणत पंजाबराव आल्यागेल्याला ते दाखवायचे. पेरून झालं की तिथंच बसून टाळ वाजवायचे. कोणी हसलं तर म्हणायचे, "कीर्तनात माणसं झोपतात, बी मात्र जागं होते!"

ते गेल्यावर उन्हाळ्यात गोपालनं, बापाची जागा नीट राहावी म्हणूनच, कुंपण साफ केलं आणि वाळल्या शेंगांसकट वेल पेटवून दिला. आशाबाईंनी बियाण्याचं राखेचं मडकं चाळलं, डबे उपसले, कोनाडे धुंडाळले. बी काही सापडलं नाही. लेकाला त्या चकार शब्द बोलल्या नाहीत. त्यानं बाजारातून आणलेलं वालाचं पाकीट मात्र न फोडता फळीवर ठेवून दिलं.

आणि आता हे! घटाला माती परसातलीच घ्यायची, ही रीतही पंजाबरावांचीच. यंदा आशाबाईंनी कुंपणाच्या बुडाची माती आणली होती. त्या मातीत लपून हे एकटं बी देवघरात येऊन बसलं होतं.

गोपाल शेतातून आला आणि घटापुढं उकिडवा बसला.

"एकच हाये, माय?"

"एकच."

"जगल ना?"

तिथंच तर घोडं अडलं. देवघर म्हणजे आतली खोली, तिला खिडकी नाही. घटातला गहू पिवळा असला तरी शोभतो, पण वालाला ऊन पाहिजे. दुसऱ्या दिवशी त्याचं टरफल गळलं आणि तो दोऱ्यासारखा लांबत एका अंगाला कलला.

"आई, अलगद काढून बाहेर लावू का?" सुचितानं विचारलं.

"घट उठल्याबगर टोपली हलवायची नाई, माती उकरायची नाई. जन्मात केलं नाई ते आता काऊन करू?"

"पण दसऱ्यापावतो राह्यते का हा?"

आशाबाईंनी पदराचं टोक दातात धरलं. इकडं देवी, तिकडं पंजाबरावांचं शेवटचं बी.

"मंग उन्हालेच आत बोलाव, माय!" गोपाल वैतागून म्हणाला.

सुचिता ताडकन उठली. भिजवलेल्या चिंचेनं तिनं पितळी परात घासून लख्ख केली आणि अंगणात जाऊन उन्हात तिरपी धरली. उजेडाचा गोळा ओसरीवरून सरपटत उंबऱ्याशी आला, चौकटीवर चढला.

"खाली घे, खाली!" आशाबाई आतून ओरडल्या. "अवं, देवीच्या डोळ्यात नको! आता जरासं इकडं... पडलं! पडलं वं माय!"

सोनेरी ऊन थेट घटावर. गव्हाचे कोंब उजळले, आणि आशाबाई लहान पोरीसारख्या टाळ्या पिटू लागल्या.

शेजारच्या विमलबाई कुंपणावरून डोकावल्या. "काऊन वं सुचिता, भरदिवसा परात घेऊन कोणाले इशारे करून राह्यली?"

"उन्हाले घरात बोलावून राह्यली, काकू!"

"या घरात एक जण येडा होता, आता सगळेच झाले!" असं म्हणून विमलबाई गेल्या, आणि थोड्या वेळात भलामोठा आरसा काखोटीला मारून परत आल्या. "परातीनं काय होते? हा धरा. सुनेच्या कपाटाचा हाये, ती माहेरी गेली तोवर उरका."

मग पाळ्या लागल्या. सूर्य सरकला की आरसा सरके. आशाबाईंनी खुंटीवरचे टाळ उतरवले, माघापासून पहिल्यांदा, आणि घटाशेजारी बसून भजन धरलं. वाल हळूहळू सावरला. दोन पानं उघडली, हिरवीगार, आणि देठ जांभळा झाला. हुबेहूब पंजाबरावांच्या वालासारखा.

दसऱ्याला घट उठला. टोपीत खोवायला गव्हाचे कोंब घ्यायची दरसालची सवय. गोपालनं त्या सवयीनंच मूठ भरली.

"थांब बे!"

मूठ जागच्या जागी थिजली. तिच्यात गव्हाबरोबर जांभळा देठही होता.

"सोड हळूच," आशाबाई म्हणाल्या. "आता एकेक काढ. तूच काढ."

गोपालनं बोटं उघडली. घामानं निथळत त्यानं गव्हाचा एकेक कोंब काढला, गुंतलेली मुळं सोडवली. मग मातीच्या ढेकळासकट वाल ओंजळीत घेऊन तो कुंपणाशी गेला. त्यानं वाल लावला, पाणी दिलं, काठी रोवली. तरीही तिथून उठेना. आशाबाईंनी त्याच्या पाठीवर हात ठेवला, आणि टोपीत कोंब त्यांनीच खोवला.

मार्गशीर्षात कुंपण जांभळ्या काठाच्या शेंगांनी लगडलं. सुचिता आणि गोपाल टोपलं घेऊन आले, तर आशाबाई बियाण्याची खूण म्हणून पंजाबरावांच्या जुन्या उपरण्याच्या चिंध्या प्रत्येक झुबक्याला बांधत होत्या.

"एवढ्या साऱ्या बियाले? भाजी नाई?" गोपाल कळवळला.

"औंदा एकही तोडायची नाई. एकाच घरात ठेवलं म्हणून तर बुडत होतं. आता अख्ख्या आळीत वाटीन, कीर्तनातल्या बुक्क्यासारखं."

"अन् माह्या आरशाचं काय?" कुंपणापलीकडून आवाज आला.

"पहिली मूठ तुलेच, विमल! पण पेरून झाल्यावर टाळ वाजवा लागते बरं!"

"मले कुठं येतात टाळ?"

"मंग ये इकडं," आशाबाई म्हणाल्या, "आतापासूनच शिकवीन."