टोकाच्या मुलीची टाच

मी बाक बोलतोय. बसायचा नव्हे, उभं राहायचा. समूहगानाच्या मुलांची सगळी तोंडं दिसावीत म्हणून सुताराने मला तीन पायऱ्यांचा केला आणि शाळेच्या सभागृहात ठेवला. वरच्या पायरीच्या टोकाला लाकूड कमी पडलं, तिथे त्याने जुन्या दाराची फळी बसवली. ती पहिल्या दिवसापासून कुरकुरते. स्वभावाला औषध नाही.

मी माणसं पायांवरून ओळखतो. नवे बूट विनाकारण हलतात. भांडलेल्या मैत्रिणी शेजारी उभ्या केल्या, तरी मध्ये एका पावलाची जागा सोडतात.

त्या कुरकुरत्या फळीवर गाण्याच्या बाईंनी नऊ वर्षांची एक मुलगी उभी केली. तिला सगळे टिटवी म्हणत, त्यावरून आवाजाची कल्पना यावी. बाई वाईट नव्हत्या, पण स्पर्धा तोंडावर आली होती. त्या हळूच म्हणाल्या, "तू नुसते ओठ हलव हं, बाळ."

तिने तीन वर्षं ओठ हलवले. टाच मात्र कुणी थांबवली नाही. ती टाच टेकवी, फळी कुरकुरे, आणि मागची सगळी रांग त्यावर ताल धरी. एकदा ती तापाने आली नाही, तर गाताना रांग अशी पळत सुटली की बाईंचे हात मागेच राहिले. बाईंनी दोष पंख्याच्या आवाजाला दिला. मला कोण विचारतो!

पुढे गाणं बंद पडलं. माझ्यावर फाटके नकाशे आणि रंगाचे डबे आले.

सभागृह पाडायचं ठरलं, तेव्हा जुने विद्यार्थी शेवटचं गायला जमले. टिटवीही आली, केस पिकलेली, सोबत तिची लेक.

"आई, तू आणि गाणार? मला कधी अंगाईसुद्धा म्हटली नाहीस."

"शब्द सगळे पाठ आहेत गं. एकदा तरी मोठ्याने म्हणायचंय."

माझ्यावरचे डबे उतरवले, टिटवी आपल्या जुन्या फळीवर उभी राहिली आणि गाणं सुरू झालं. पहिल्याच ओळीला पन्नाशीची माणसं लहान झाली. कुणी पाय जुळवले, कुणी शेजाऱ्याला कोपर मारलं. टिटवीलाही लहानपण आठवलं, आणि म्हणूनच तिचा आवाज फुटेना. नुसते ओठ हलत राहिले. मला वाईट वाटलं.

समोर खुर्चीत बाई होत्या. त्यांना आता दिसत नाही. त्यांनी हात वर केला, गाणं थांबलं.

"टोकाला कोण आहे? टाच ऐकू येते, आवाज येत नाही."

"मी टिटवी, बाई. तुम्हीच म्हणाला होतात, नुसते ओठ हलव."

बाईंनी आवाजाच्या दिशेने तोंड वळवलं. मग म्हणाल्या, "चुकलं गं माझं. गा आता."

ती गायली. सूर कुठल्या कुठे गेला. ताल मात्र तिळभरही ढळला नाही. लेक समोर खुर्च्यांच्या पहिल्या रांगेत तोंडावर हात धरून ऐकत होती.

उद्या मला फोडणार आहेत. तक्रार नाही, माझं काम झालं. टोकाची ती फळी तेवढी लेकीने मागून घेतली आहे. ताई, एकच विनवणी. ती कुरकुरते म्हणून खिळे ठोकून तिला गप्प करू नका.