काकूंच्या खिडकीतली दुधाची बाटली

मित्रांनो, मी एक जुनी दुधाची बाटली आहे. आधीच सांगितलेलं बरं, कारण सध्या माझ्या तोंडातून मनीप्लांट लोंबतोय.

दोघी बहिणींनी दुधाचा धंदा काढला तेव्हा मी नवीकोरी होते. प्लास्टिकच्या पिशव्यांचा कचरा नको, म्हणून काचेच्या बाटल्या. भरलेली द्यायची, रिकामी परत न्यायची. धाकटी मला कढत पाण्यात घासायची, उजेडापुढे धरून कुठे टवका उडालाय का ते बघायची. थोरली सकाळी घरोघर पोचवायची. लोक तोंड भरून कौतुक करायचे. मीही जरा फुशारले होते, खोटं कशाला बोलू!

मग एके दिवशी मी या काकूंकडे आले. "किती गोड आहे गं बाटली!" असं म्हणत त्यांनी मला धुऊन खिडकीत ठेवलं. वाटलं, उद्या परत जाईन. दुसऱ्या दिवशी माझ्यात हा वेल आला.

थोरली रोज दारात विचारायची, "काकू, रिकामी बाटली?"

"अय्या, राहिलीच बघ! उद्या नक्की देते."

माझा जीव टांगणीला लागायचा. बरं, हे एकट्या काकूंचं नव्हतं. थोरलीच एकदा हसत म्हणाली, कुणी बाटलीत तेल भरलंय, कुणी सरबत. बहिणींना सारख्या नव्या बाटल्या आणाव्या लागल्या आणि दूध महागलं. "महागच पडतं हं तुमचं!" काकू म्हणाल्या.

परवा थोरली आली ती उतरलेल्या चेहऱ्यानं. "काकू, शनिवारपर्यंत बाटल्या परत आल्या तर ठीक, नाहीतर बंद करणार आम्ही." बोलता बोलता तिची नजर माझ्यावर पडली. तिनं मला ओळखलं! माग ना गं, मी मनातल्या मनात ओरडले, माग! पण आहे ते गिऱ्हाईकही तुटेल, या भीतीनं ती न मागताच निघून गेली.

मित्रांनो, आज शनिवार आहे. तुमच्याही घरात अशी एखादी बाटली असेल. आवडली म्हणून ठेवून घेऊ नका. धुवा आणि दाराशी ठेवा. कुणी मागेल म्हणून थांबू नका, त्यांना मागायचा फार संकोच वाटतो हो.

जिन्यात पावलं वाजतायत. थोरलीचीच. काकू इथेच उभ्या आहेत, माझ्या अगदी जवळ. फोनवर स्वतःच्या बहिणीला सांगतायत, "एवढ्या कष्टाळू मुली, पण लोकांना काही पडलेलीच नाही बघ!"

आणि बोलता बोलता माझ्यात ताजं पाणी ओततायत.